मुंबई इलाख्याचा डॉक्टर कार्टर

हेन्री ग्रेच्या शारीरशास्त्रावरील ग्रंथाचे नाव ऐकले नाही असा डॉक्टर मिळणे कठीण. परंतु त्या ग्रंथाला ज्याच्या हाताने रूप दिले तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर आपल्या आयुष्यातील जवळजवळ तीस वर्षे मुंबई, सातारा आणि काठेवाड या मुलखांत सरकारी डॉक्टर म्हणून वावरला, ही गोष्ट खुद्द मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. उष्ण कटिबंधातील रोगांचा इतिहास सांगताना आपण हिवतापाच्या रॉसचे नाव घेतो, काळ्या आजाराच्या लीशमनचे घेतो, आणि त्यांच्या आधीच्या पिढीत, जंतुशास्त्राला अद्याप धड नावही मिळाले नव्हते अशा काळात, एकाच माणसाने मदुरेचा पाय, महारोग आणि दुष्काळातला ताप या तीन रोगांचा जो पाठपुरावा केला त्याचा उल्लेख तळटिपेत उरकतो. या उपेक्षेला कार्टरचा स्वभाव काही अंशी कारणीभूत असला, तरी त्याच्या कामाची जातही तितकीच कारणीभूत होती, असे मला वाटते.

त्याचा जन्म 22 मे 1831 रोजी इंग्लंडातील हल या बंदराच्या गावी झाला. बाप जलरंगांत निसर्गचित्रे काढणारा, स्कारबरो येथे चित्रकला शिकवून चरितार्थ चालवणारा. मुलाला व्हॅन्डाइक हे नाव ठेवले तेही एका थोर चित्रकाराच्या स्मरणार्थ. मुलगा मात्र वैद्यक शिकायला लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात दाखल झाला, आणि तेथे त्याची गाठ हेन्री ग्रे या तरुण, हुशार व महत्त्वाकांक्षी सर्जनशी पडली. दोघांनी मिळून प्रेतांचे विच्छेदन करावे, ग्रेने मजकूर लिहावा व कार्टरने चित्रे काढावीत, असा बेत ठरला. ही चित्रे कागदावर काढून भागणारे नव्हते. बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर ती उलटी, म्हणजे आरशात दिसावीत तशी, काढावी लागत, आणि मग कोरक्याने रेषांमधील लाकूड उकरून ठसा तयार करायचा. पहिल्या आवृत्तीत अशी 363 चित्रे आहेत. आकृतीच्या भोवती अक्षरे मांडून खाली सूची देण्याची जुनी पद्धत सोडून, शिरेचे नाव शिरेवर आणि स्नायूचे नाव स्नायूच्या अंगावरच लिहिण्याची जी रीत या ग्रंथात आढळते, तिच्यामुळे विद्यार्थ्याची नजर मूळ वस्तूवरून हलत नाही. दीडशेहून अधिक वर्षे हा ग्रंथ टिकला त्याचे निम्मे श्रेय या एका गोष्टीला द्यावे लागेल.

मेहनतान्याच्या बाबतीत मात्र वाटणी बरोबरीची झाली नाही. कार्टरला एकरकमी 150 पौंड मिळाले. खपावरील हक्क सर्वस्वी ग्रेचे राहिले. इतकेच नव्हे, तर मुखपृष्ठाच्या मुद्रितावर कार्टरच्या नावापुढे छापलेला मुंबईच्या प्राध्यापकपदाचा उल्लेख ग्रेने स्वतःच्या हाताने खोडला, आणि त्याच्या नावाचा टाइपही लहान करायला लावला. पुस्तक बाजारात आले 1858 च्या ऑगस्टात. तेव्हा कार्टर मुंबईत येऊन काही महिने झाले होते. पुढे तीनच वर्षांनी, वयाच्या 34 व्या वर्षी, ग्रे देवीच्या रोगाने वारला. कार्टरने या प्रकरणाबद्दल जाहीर वाद घातला नाही. तो दैनंदिनी लिहीत असे, आणि तिच्यात स्वतःच्या आळसाची, दुबळ्या श्रद्धेची व अपुऱ्या कर्तृत्वाची जी निर्दय हजेरी त्याने घेतली आहे तिच्यावरून हा मनुष्य भांडणाऱ्यांपैकी नव्हता हे उघड होते.

इंग्लंडात वशिला नसलेल्या व गाठी पैसा नसलेल्या डॉक्टरला त्या काळी जे दोन-चार मार्ग मोकळे होते, त्यांत ईस्ट इंडिया कंपनीची वैद्यकीय नोकरी हा एक होता. 1855 पासून तेथील नेमणुका संचालकांच्या मर्जीवर न ठेवता चढाओढीच्या परीक्षेने होऊ लागल्या होत्या, आणि अगदी पहिल्याच वर्षी सूर्यकुमार चक्रवर्ती हे बंगाली डॉक्टर त्या परीक्षेतून आत आले होते. कार्टर 1858 च्या आरंभी परीक्षा उतरला. उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा अद्याप विझला नव्हता, आणि त्याच वर्षी कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. पण वैद्यकीय खात्याच्या दप्तरात त्यामुळे शिक्क्याखेरीज फारसे काही बदलले नाही.

या खात्याची घडण ध्यानात घेतल्याशिवाय अशा डॉक्टरचे आयुष्य समजत नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मूलतः लष्करी नोकरी होती. असिस्टंट सर्जन, सर्जन, सर्जन-मेजर, ब्रिगेड-सर्जन अशी हुद्द्यांची चढण, अंगावर गणवेश, आणि आरंभी पलटणीबरोबर काही काळ काढण्याची सक्ती. पण शांततेच्या काळात फौजेला इतके डॉक्टर लागत नसत, आणि लढाई उभी राहिली म्हणजे एकाएकी लागत. म्हणून सरकारने अशी युक्ती योजली होती की, जास्तीचे डॉक्टर मुलकी खात्याकडे उसने द्यावेत आणि वेळ पडताच परत बोलवावेत. त्यामुळे ज्याच्या सनदेवर लष्करी हुद्दा असे असा मनुष्य प्रत्यक्षात जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, तुरुंगाचा अधीक्षक, कॉलेजातला प्राध्यापक, टाकसाळीचा रसायनपरीक्षक, किंवा एखाद्या संस्थानिकाच्या दरबारचा वैद्यकीय सल्लागार म्हणून हयात घालवी. गोळ्या लागलेले शिपाई त्याने पाहिले तर पाहिले. पटकी, आमांश, ताप आणि यकृताचे विकार मात्र रोज पाहिले. खुद्द फौजेची स्थितीही तीच होती. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त मंडळाने 1863 साली जो अहवाल दिला त्यात वर्षाला दर हजारी 69 मृत्यू हे सरासरी प्रमाण नमूद आहे, आणि त्यांपैकी रणांगणावरचे इतके थोडे की, सेनापतीचा खरा शत्रू छावणीच्या विहिरीत व गटारात दबा धरून बसला आहे हे त्या आकड्यांनी सरकारला प्रथमच उघड सांगितले.

कार्टरला नशिबाने पलटण फारशी वाट्याला आली नाही. मुंबईस उतरताच त्याची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीरशास्त्र व इंद्रियविज्ञान शिकवण्याकडे झाली. हे कॉलेज 1845 साली निघालेले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय. कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 साली बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड त्या वेळी शहरात नामांकित झाले होते. शिकवण्याबरोबर शवच्छेदनाचे दालन आणि विकृत अवयवांचा संग्रह हाती आल्यामुळे, लंडनमध्ये निरोगी देहाची चित्रे काढलेल्या या माणसाला येथे रोगाने विद्रूप केलेल्या देहाची चित्रे काढण्याची संधी मिळाली; आणि त्याची पहिली मोठी कामगिरी एका पायापासून सुरू झाली.

दख्खनच्या कोरड्या मुलखात, काठेवाडात, सिंधात आणि खाली मदुरेकडे अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या पायाला एक विलक्षण व्याधी होत असे. काटा मोडल्याचे किंवा ठेच लागल्याचे निमित्त होई. पाऊल हळूहळू, दुखण्याशिवाय, महिनोन् महिने सुजत जाई. मग कातडीवर गाठी उठून त्यांना भोके पडत आणि त्यांतून पाण्यासारखा स्राव व त्यात बारीक दाणे वाहत. रोगी चालता राही तोवर कामावर जाई. दवाखान्यात येई तो बहुधा पाय कापून घेण्यासाठीच. 1840 नंतरच्या दशकात मदुरेच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी या रोगाची नोंद केली होती आणि गावाचे नाव त्याला तेथूनच चिकटले. कार्टरने काय केले, तर कापलेला पाय टाकून न देता तो उभा चिरला. आत हाडांचा आकार तेवढा उरलेला. घोटा, टाच आणि बोटांची मुळे यांत वाटोळ्या पोकळ्या पडलेल्या, त्या एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या, आणि त्या पोकळ्यांत बंदुकीच्या दारूसारखे काळेभोर दाणे गच्च भरलेले. दुसऱ्या एखाद्या पायात तेच दाणे फिकट, पांढरट-पिवळे. दाणा सूक्ष्मदर्शकाखाली फोडून पाहता त्यात गाठाळ धाग्यांचे जाळे दिसले, आणि कार्टरने निर्वाळा दिला की, ही बुरशी आहे. बाहेरून कातडीत शिरलेली, मांसात वाढणारी आणि हाड पोखरणारी वनस्पती आहे. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात 1860 साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि मायसेटोमा हे आजही चालू असलेले नाव रोगाला त्यानेच दिले.

बुरशी रोग करते ही कल्पना तेव्हा रेशमाच्या किड्याच्या किंवा बटाट्याच्या बाबतीत लोक मान्य करीत. माणसाच्या हाडाच्या बाबतीत ती धाडसाची होती. म्हणून कार्टरने बुरशी वाढवून दाखवण्याचा प्रयत्न केला. एका जतन केलेल्या नमुन्यावर लालसर बुरशी धरली, ती इंग्लंडातील नामांकित बुरशीतज्ज्ञ बर्कली याच्याकडे गेली, आणि बर्कलीने ती नवी जात ठरवून तिला कार्टरचे नाव दिले. ती बुरशी भांड्यात बाहेरून पडलेली होती, रोगाशी तिचा काहीएक संबंध नव्हता, हे पुढे कळले. खरी उकल यायला शतकाचा शेवट उजाडला: काळ्या दाण्याचा रोग बुरशीचा, पण फिकट दाण्यांपैकी बऱ्याचशांचे मूळ बुरशीसारखे धागे काढणाऱ्या निराळ्याच सूक्ष्म जंतूंत आहे, असे निष्पन्न झाले. गंमत अशी की, काळा व फिकट हे दोन प्रकार कार्टरने पहिल्यापासून वेगळे ठेवले होते. कारण त्याला ठाऊक नव्हते. पण दोन वस्तू एकसारख्या दिसत नसता त्या एका चित्रात दडपून बसवणे त्याच्या हाताला जमण्यासारखे नव्हते.

1863 साली त्याची बदली सातारला झाली, आणि तेथे त्याने सुमारे नऊ वर्षे काढली. कॉलेज, ग्रंथालय आणि शवागार सोडून जिल्ह्याच्या गावी जाणे ही संशोधकाला शिक्षा वाटावी. पण सिव्हिल सर्जनच्या टेबलावर काय काय येत असे ते पाहिले म्हणजे वेगळे वाटू लागते. सकाळी दवाखाना, मग तुरुंग, ज्याचा अधीक्षकही तोच, म्हणजे कैद्यांचे धान्य, वजन, चाबूक आणि मर्तिक यांच्या नोंदीवर त्याची सही, पोलिसांनी आणलेल्या प्रेताची तपासणी करून न्यायाधीशापुढे साक्ष, देवी टोचणाऱ्यांच्या कामावर देखरेख, आणि महिनाअखेर या सगळ्याचे तक्ते मुंबईच्या कचेरीकडे. या धबडग्यात मोठे निबंध सुचणे कठीण. परंतु शहरातील डॉक्टरला रोगी एकदा दिसतो आणि गर्दीत नाहीसा होतो. जिल्ह्यातल्या डॉक्टरला तोच महारोगी पाचव्या वर्षी पुन्हा भेटतो, त्याचा भाऊ भेटतो, गाव कळतो, आणि कितव्या वर्षी बोटे झडली ते पडताळता येते. हळूहळू सरकणाऱ्या रोगाचा अभ्यास करण्याला असे ठाणे फार सोयीचे असते, आणि महारोग हा कार्टरच्या मनाचा कायमचा विषय होऊन बसला होता.

मुंबईत असतानाच त्याने महारोग्यांच्या मृत देहांतील मज्जातंतू उकलून पाहिले होते, आणि कोपराजवळचा तंतू दोरीसारखा जाड होतो, हाताची बधिरता तेथून उगम पावते, ही गोष्ट चित्रांसह मांडली होती. कातडीवरचा चट्टा पाहून थांबणारे वैद्य पुष्कळ होते. आतल्या तंतूपर्यंत जाणारे थोडे. पण रोग पसरतो कसा, हा प्रश्न राहिलाच. लंडनच्या राजवैद्यमंडळाने साम्राज्यभर प्रश्नावल्या पाठवून 1867 साली असा निर्णय दिला होता की, महारोग संसर्गजन्य नाही. आणि सरकारला हा निर्णय सोयीचा होता, कारण रोग लागत नसेल तर रोग्यांसाठी आश्रम बांधण्याचा खर्चही लागत नाही. कार्टर 1872 साली दीर्घ रजेवर गेला, आणि विश्रांती घेण्याऐवजी नॉर्वेतील बर्गनला पोचला. युरोपात महारोगाचा जोर तेव्हा तेथेच उरला होता, रोग्यांसाठी स्वतंत्र इस्पितळे होती, रोग्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जात होती, आणि आर्मावेर हान्सेन नावाचा तरुण डॉक्टर त्याच 1873 च्या सुमारास रोग्याच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहत होता. कार्टरने हे प्रत्यक्ष पाहिले, परत येऊन नॉर्वेतील व्यवस्थेवर सरकारास अहवाल दिला, आणि रोग्यांना माणुसकीने पण वेगळे ठेवावे, आश्रम काढावेत, गणती करावी, अशी शिफारस केली. त्यानंतर काठेवाडात गावोगाव हिंडून त्याने महारोग्यांची पाहणी केली. दप्तरात अहवाल दाखल झाले, आणि दप्तरात जे व्हायचे तेच त्यांचे झाले. मुंबईत माटुंग्याचा महारोगी आश्रम उघडला तो 1890 साली, म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांच्या खटपटीने. तेव्हा कार्टर निवृत्त होऊन विलायतेस गेला होता.

आता त्याच्या सर्वांत मोठ्या कामाकडे यायचे. 1876 साली दख्खनात पाऊस दगावला आणि सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर या पट्ट्यात जो दुष्काळ पडला त्याने दोन वर्षे मुक्काम केला. सरकारने खडी फोडण्याची व तळी खणण्याची कामे काढली, आणि दुष्काळी कामांची पाहणी करणाऱ्या सर रिचर्ड टेंपलच्या सूचनेवरून दिवसाला एक रत्तल धान्याच्या हिशेबाने मजुरी बांधली; एवढ्यात माणूस जगत नाही, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला ऐकवले. ज्यांना कामावर जागा मिळाली नाही अगर ज्यांचे तेथे भागले नाही अशी हजारो कुटुंबे रस्ता धरून मुंबईस आली, आणि धर्मशाळांत, चाळींच्या जिन्यांखाली, उघड्या मैदानांत अंगावरच्या एका वस्त्रानिशी दाटीवाटीने राहू लागली. 1877 च्या त्या दिवसांत कार्टरकडे गोकुळदास तेजपाल रुग्णालय होते. तेथे तापाचे रोगी येऊ लागले, आणि शहरातल्या डॉक्टरांनी त्याला आपल्या सवयीचे नाव दिले: हिवताप.

पण हा ताप हिवतापाच्या चालीने चालत नव्हता. मनुष्य एकाएकी थंडी भरून पडे. ताप चढे तो पाच-सात दिवस उतरतच नसे. डोके व सांधे विलक्षण ठणकत, पाणथरी सुजे, कित्येकांचे डोळे पिवळे होत. मग एका रात्री घामाचा लोट सुटून ताप असा झरकन उतरे की, नाडी सापडेनाशी होऊन रोगी त्या उतारातच दगावण्याची भीती असे. जो वाचे तो उठून बसे, भूक लागे, घरी जातो म्हणे. आणि आठवडाभराने, अगदी पहिल्यासारखाच, पुन्हा पडे. क्विनीनचा काही उपयोग होत नसे. आयर्लंडच्या दुष्काळात असा परतून येणारा ताप डॉक्टरांनी पाहिला होता, आणि बर्लिनच्या ओबरमायरने 1873 साली जाहीर केले होते की, अशा तापात रोग्याच्या रक्तात मळसूत्री आकाराचे, सतत वळवळणारे धागे दिसतात. ओबरमायर त्याच वर्षी पटकीने वारला. हिंदुस्थानात हा ताप आहे की नाही, याबद्दलच मतभेद होता.

कार्टरने रोग्याच्या बोटाला सुई टोचून थेंबभर ताजे रक्त काचेवर घेतले आणि पातळ काच ठेवून भिंगाखाली धरले. त्या काळी रंग देऊन जंतू उठावदार करण्याची विद्या बाल्यावस्थेत होती. तेव्हा जे पाहायचे ते रंगहीन, पारदर्शक आणि हलते. अशा वेळी धागा आधी दिसतच नाही. तांबड्या पेशींची एखादी रांग कारणावाचून थरथरते, एक पेशी धक्का लागल्यासारखी बाजूस सरते, आणि नजर तेथेच खिळवून ठेवली तर मग पेशीच्या दोन-चार पट लांबीचा, केसाहूनही कितीतरी बारीक, वेटोळ्यांचा जीव स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे-मागे धावताना सापडतो. ज्याने उलट्या लाकडावर वर्षानुवर्षे मज्जातंतूंच्या शाखा रेखल्या होत्या त्याच्या डोळ्याला हे सापडावे यात नवल नाही. त्याने ते पाहिले, चितारले, आणि एवढ्यावर न थांबता त्याच रोग्याचे रक्त तो रोज, तापाच्या तक्त्याशी ताडून, तपासत गेला. ताप चढता असताना धागे असंख्य. घाम सुटण्याच्या वेळी ते नाहीसे. मधल्या बऱ्या आठवड्यात रक्त निर्मळ. आणि ताप परतला की पुन्हा तेच. तापाची चढउतार आणि जंतूंची ये-जा ही दोन चित्रे एकावर एक ठेवली असता जुळतात, हे त्याने इतक्या रोग्यांवर व इतक्या बारकाव्याने दाखवले की, हिवतापाचे नाव पुढे करणाऱ्यांना बोलायला जागा उरली नाही. मग त्याने रोग्याचे रक्त माकडांना टोचले. काही दिवसांनी माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच धागे वळवळले. 1880 साली हे प्रयोग लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि 1882 साली 'स्पिरिलम फीव्हर' हा त्याचा जाडजूड ग्रंथ बाहेर पडला.

ताप परतून का येतो याचे उत्तर त्या ग्रंथात मिळणार नव्हते. त्यासाठी लागणारे शास्त्रच अद्याप जन्मले नव्हते. आज आपण असे जाणतो की, शरीर या जंतूच्या बाह्य आवरणाची खूण ओळखून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि ती पुरेशी झाली की जंतूंचा एकदम संहार होतो. घाम सुटून ताप उतरतो तो या घटकेस. पण लक्षावधींतून थोडे जंतू आवरण पालटून बसलेले असतात. त्यांची ओळख शरीराला पटत नाही, ते आठवडाभरात वाढतात, आणि दुसरी पाळी येते. शरीराने पुन्हा नवी प्रतिद्रव्ये करायची, जंतूने पुन्हा वेष पालटायचा. एकाचा दम संपेपर्यंत हा व्यवहार चालतो. कार्टरच्या तक्त्यांत या झुंजीच्या तारखा न् तारखा नोंदलेल्या आहेत.

पुढील काळात तो ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि निवृत्तीपूर्वी आणखी एक काम त्याने केले, ज्याकडे त्याच्या समकालीनांनी जवळजवळ डोळेझाकच केली. लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जीरियातील कॉन्स्टँटीनच्या इस्पितळात 6 नोव्हेंबर 1880 रोजी हिवतापाचा परोपजीवी जंतू पाहिला होता, पण हिंदुस्थानातील वैद्यकीय अधिकारी त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. कार्टरने मुंबईच्या रोग्यांच्या रक्तात तो जंतू पाहून 1887 साली त्यावर सचित्र टिपण प्रसिद्ध केले. याच खात्यातला रोनाल्ड रॉस त्यानंतरही कित्येक वर्षे हा जंतू खोटा म्हणत होता, कारण त्याला तो दिसत नव्हता. 1894 साली रजेवर असताना पॅट्रिक मॅन्सनने लंडनमध्ये हाताला धरून दाखवला तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. या दोघांच्या स्वभावातला भेद मला फार बोधक वाटतो. रॉस पाहण्यात कच्चा, पण एकदा प्रश्न मनात शिरला की सरकार, हवामान, बदल्या कशाचीही पर्वा न करणारा. हिवताप डासातून येतो की नाही, एवढा एकच ध्यास घेऊन सिकंदराबादेत हुसेनखान नावाच्या रोग्याला चावलेल्या दर डासामागे एक आणा देणारा. कार्टर पाहण्यात पक्का. पण एका माणसाच्या रक्तातला जंतू दुसऱ्याच्या रक्तात जातो कोणत्या वाटेने, या प्रश्नाने त्याची झोप उडाल्याचे त्याच्या लिखाणात दिसत नाही. समोर नसलेल्या वस्तूचे चित्र काढायचे नाही, हा त्याचा बाणा होता. आणि रोगाची वाट ही समोर नसलेलीच वस्तू असते. रॉसला डासाच्या जठरात जंतू सापडला 20 ऑगस्ट 1897 रोजी. त्याच वर्षी 4 मे रोजी कार्टर स्कारबरोस क्षयाने वारला होता. 1888 मध्ये डेप्युटी सर्जन-जनरलच्या हुद्द्यावर निवृत्त झाल्यानंतर राणीचा मानद सर्जन हा किताब त्याला मिळाला होता. नोबेल पारितोषिक तर त्या वेळी स्थापनच व्हायचे होते.

परतणाऱ्या तापाची वाट शोधली गेली ती पुन्हा आपल्याच मुलखात, आणि पुन्हा त्याच खात्याच्या माणसाकडून. 1907 साली नाशिकजवळच्या एका मिशनच्या वसाहतीत या तापाची साथ उठली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर मॅकी तेथे गेला, तेव्हा त्याला एक विसंगती दिसली: एकाच आवारात, एकाच अन्नावर वाढणाऱ्या मुलांमुलींत मुलगे भराभर आजारी पडत होते आणि मुली पुष्कळ कमी. त्याने अंथरुणे व कपडे झाडून पाहिले. मुलांच्या कपड्यांच्या शिवणींत उवांचा सुळसुळाट. मुलींच्या कपड्यांत थोड्याच. पुढे मुलींतही उवा वाढल्या, तसा ताप वाढला. मग त्याने मुलांच्या कपड्यांतल्या उवा चिरून भिंगाखाली घेतल्या, आणि तीस वर्षांपूर्वी कार्टरने दुष्काळग्रस्तांच्या रक्तात पाहिलेले धागे त्यांच्या पोटात जिवंत वळवळताना त्याला आढळले. उवेच्या दंशाने मात्र रोग लागत नाही, हे ट्युनिसच्या शार्ल निकोलने पुढील काही वर्षांत सिद्ध केले: जंतू उवेच्या शरीरातील पोकळीत कोंडलेले असतात, आणि खाजवताना नखाखाली ऊ चिरडली की ओरखड्यातून आत शिरतात. एका वस्त्रानिशी दाटीत पडलेल्या, धुवायला पाणी नि बदलायला दुसरे लुगडे नसलेल्या माणसांत 1877 साली तो ताप इतक्या वेगाने का पसरला, याचा खुलासा अशा रीतीने तीस-पस्तीस वर्षांनी झाला.

हिंदुस्थानातील या जंतूला काही काळ कार्टरचे नाव होते. हिंदुस्थानातला आणि युरोपातला उवांनी पसरणारा जंतू मुळात एकच आहे असे ठरल्यावर, नामकरणाच्या नियमाप्रमाणे आधीचे युरोपीय नाव कायम झाले आणि कार्टरचे नाव जीवशास्त्राच्या दप्तरातून रीतसर कमी करण्यात आले.